गच्चीवरची पेटी

देवासला टेकडीच्या पायथ्याशी एका घराच्या गच्चीवर मी ती पेटी पाहिली. पांढऱ्या पीव्हीसी शीटची, तीन फूट रुंद. पुढे वरखाली सरकणारं पारदर्शक झाकण, मागून निघालेला पाइप आणि पाइपाच्या टोकाला बाथरूममध्ये लावतात तसला एक्झॉस्ट पंखा. मुलगा बारावी सायन्सचा. वडील सराफ्यात गलाईचं काम करतात, आजोबा खानापूर तालुक्यातून इकडे आलेले. जुनी चांदी घरीच शुद्ध करायची, त्याचा धूर घरात शिरू नये, म्हणून मुलाने व्हिडिओ पाहून हा फ्यूम हूड उभा केला होता. त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, त्याला इंजिनिअरिंगला घालायचं ठरलंय. हे तेजाबाचं खूळ तुम्हीच काढा त्याच्या डोक्यातून."

खूळ मी काढलं नाही. तेजाब मात्र त्याच दिवशी बंद करायला लावलं. मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग होते. आईला ते शाईचे वाटत होते. चांदी नायट्रिक आम्लात विरघळली की सिल्व्हर नायट्रेट होतं, ते कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं आणि साबणाने जात नाही. म्हणजे काम सुरू झालेलंच होतं.

गलाई ही आपल्या लोकांची फार मोठी विद्या आहे आणि तिच्याविषयी घरात कमीपणाने बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागातून दुष्काळाने माणसं बाहेर काढली. विट्याच्या आसपासच्या गावांतली घरंच्या घरं देशभरातल्या सराफ बाजारांत पांगली. केरळात जा, बंगालात जा, सोनं आटवणारा माणूस मराठी बोलताना भेटतो. मूस, टाकणखार, नवसागर, हिराकस, टंच हे शब्द या घरांतल्या मुलांच्या कानावर बाराखडीच्या आधी पडतात. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्याला देशावर झारेकरी म्हणतात, इकडे माळव्यात न्यारिया. हे सगळं रसायनशास्त्रच आहे, फक्त त्याला मार्कशीट नाही.

पण धुराचं शिक्षण त्या पिढीला कुणी दिलं नाही. तोंडाला फडकं बांधलं की झालं, एवढंच. फडक्यातून धूळ अडेल, वायू अडत नाही.

मुलाला मी त्याच्याच पुस्तकातलं मोलचं प्रकरण काढायला सांगितलं. तीव्र नायट्रिक आम्लात 108 ग्रॅम चांदी विरघळली, म्हणजे जाडजूड पैंजणांचा एखादा जोड, तर एक मोल नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. आपल्याकडच्या तापमानाला साधारण 24 लिटर. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोलीत अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. भागाकार त्यानेच केला: दशलक्ष भागांत साडेआठशे भाग. या वायूसाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने सांगितलेली पंधरा मिनिटांची मर्यादा आहे एक भाग. आम्ल सौम्य असेल, खिडकी उघडी असेल, तर आकडा खाली येईल, पण एकावर येणार नाही. हा तपकिरी वायू लबाड आहे. घसा खवखवतो, खोकला येतो, थांबतो, माणूस जेवून झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणून असा धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वडिलांनाही एक सांगावं लागलं. जुन्या केडीएम दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असतं. सोनं वितळतं 1064 अंशांना, कॅडमियम 767 अंशांनाच उकळतं. म्हणजे मुशीतलं सोनं पातळ होण्याआधीच कॅडमियमचा धूर नाकाशी आलेला असतो. तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही खराब करतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग आम्ही पेटीकडे वळलो. पेटीत तेजाब ठेवायचं नाही, पंखा लावायचा आणि उदबत्ती पेटवून झाकणाखालच्या फटीपाशी धरायची, एवढंच केलं. मध्यभागी धूर सरळ आत गेला. वरच्या कोपऱ्यातही गेला. डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र तो घुटमळला, वळला आणि मुलाच्या छातीकडे परत आला. नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो नेमका त्याच कोपऱ्यात साचला असता. चांगल्या हूडमध्ये मागच्या भिंतीपुढे आणखी एक पडदा असतो, त्याला खाली आणि वर फटी ठेवतात, म्हणजे तळाची हवाही ओढली जाते. स्वयंपाकघरातली चिमणी डोक्यावर लावून हे काम होत नाही. ती धूर नाकासमोरूनच वर नेते.

पंख्याचा हिशेबही त्याचा चुकला होता. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला शंभर फुटांच्या आसपास हवा. तीन फूट रुंद आणि एक फूट उघडं तोंड, म्हणजे मिनिटाला तीनशे घनफूट. पंख्याच्या खोक्यावर त्याहून जास्त लिहिलं होतं. पण तो आकडा मोकळ्या हवेतला. दहा फूट पाइप, दोन वळणं, पुढे धूर धुणारी टाकी एवढं जोडलं की असा पंखा नुसता गरगरतो, हवा पुढे जात नाही. शिवाय त्याची मोटर धुराच्या वाटेतच बसलेली, आम्लाच्या वाफेने काही दिवसांत गंजणारी. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा ब्लोअर लागतो, मोटर बाहेर ठेवलेला. आणि मुलाने पाइपाचं तोंड बुडवायला जी पाण्याची बादली ठेवली होती, तिचा फार उपयोग नाही. या धुरात नायट्रिक ऑक्साइडही असतो, तो पाण्यात जेमतेम विरघळतो. कारखान्यात कॉस्टिक सोड्याचे फवारे मारणारा स्क्रबर लावतात, आणि नायट्रिकच्या धुराला तोही कमी पडतो.

हे सगळं ऐकताना मुलगा हिरमुसला नाही. त्याने वही आणली.

सोन्याचं वेड लागलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. सोन्याच्या आधी धुराचा विचार करणारा मुलगा क्वचित भेटतो. आईला मी एवढंच म्हणालो की ताई, तुमचं इंजिनिअरिंग आणि त्याची पेटी एकाच रस्त्यावर आहेत. धातुशास्त्र म्हणजे मेटलर्जी इंदूरच्या आयआयटीत आहे, भोपाळच्या मॅनिटमध्ये आहे, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत आहे. केमिकल इंजिनिअरिंगही चालेल. जुन्या मोबाइल-संगणकांच्या सर्किट बोर्डांतून सोनं, चांदी, पॅलेडियम काढण्याचं काम आता कायद्याच्या चौकटीत आलं आहे, ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. तिथे गलाईच्या घरातला आणि धातुशास्त्र शिकलेला मुलगा दोन पावलं पुढे असेल.

रँक नाही आली तर? हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, तो येऊ द्यावा. धारला एका घरी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हॉलमार्किंग केंद्रात काम करायचंय आणि बाबांना काळजी, पोरीने भट्टीपाशी उभं राहायचं का? 16 जून 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आता सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. या केंद्रांत अग्निपरीक्षा होते, शब्दशः. दागिन्याचा इवलासा तुकडा तोलायचा, चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा, क्युपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत घालून हजार अंशांच्या वर तापवायचा. शिसं वाटीत मुरतं, सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात टाकला की चांदी जाते. उरलेलं सोनं पुन्हा तोलायचं, हजार भागांत किती ते सांगायचं. काम नाजूक आहे आणि सही करणाऱ्याच्या इमानावर चालतं. प्रशिक्षण भारतीय मानक ब्यूरो देतो. त्या बाबांना मी नोकरीच्या मुलाखतीला मुलीने उलट विचारायचा एक प्रश्न दिला: "भट्टीचा आणि आम्लाचा धूर ओढायची तुमची सोय बघू का?" दाखवायला टाळाटाळ झाली तर घरी परत यायचं.

तिसरी वाट पालकांना माहीतच नसते. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, त्यांच्या प्रयोगशाळांत फ्यूम हूड असतात. ते बनवणारे, बसवणारे, हवेचा वेग मोजून चालू आहेत की नाही ते तपासणारे लोक लागतात. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला मुलगा इथे शिरू शकतो. पुढे पदवी आणि अनुभवाच्या जोरावर मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करता येतो.

घरातल्या तेजाबाबद्दल मी अजिबात नमतं घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार अठरा वर्षांखालच्याला तेजाब विकता येत नाही, मोठ्यांनाही ओळखपत्र दाखवावं लागतं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती बाटली आहे, म्हणजे ती कुणीतरी मोठ्याने आणून दिली आहे. धंदा करायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी, आणि जुन्या चांदीतल्या तांब्याचं निळंहिरवं पाणी गटारात सोडता येत नाही.

निघताना वडिलांनी विचारलं, "मग ही पेटी मोडायची का?" मी नको म्हणालो. तेजाबाच्या दोन बाटल्या त्यांनी स्वतःच्या कामाच्या ठिकाणी नेल्या. मुलाच्या वहीत आता चार रकाने आहेत: झाकण किती उघडं, कोणता कोपरा, उदबत्तीचा धूर कुठे गेला, मागच्या पडद्याची खालची फट किती. परवा त्याने फोटो पाठवला. डाव्या खालच्या कोपऱ्यासमोर लिहिलं होतं: फट दोन इंच, धूर आत.