इंजिन बदललं, पण गाडीला दम नाही : दुसरं इंजिन शोधण्याआधी काय तपासायचं

गॅरेज काढायचं म्हणणाऱ्यांसाठीच्या मालिकेत मागच्या व्हिडिओत आपण इंजिन बदलण्याच्या कामाचा हिशोब बघितला. त्याखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा होता : जुन्या बाजारातून इंजिन आणलं, चढवलं, स्टार्टही झालं, पण गाडी मिसिंग करते आणि पिकअप नाही. आता काय?

आधी पैशाचं बोलू, कारण ह्याच कामात नवीन गॅरेजवाला बुडतो. समजा, तुम्ही इंजिन बदलायची मजुरी 8,000 रुपये घेतली. गाडी परत आली आणि तुम्ही अंदाजाने इंजिन पुन्हा उतरवलं, तर दोन दिवस रॅम्प अडकतो, दोन माणसांचा पगार जातो आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. का द्यावेत त्याने? म्हणून इंजिनला हात लावायच्या आधी अर्धा-पाऊण तास मोजमाप करायचं. त्यासाठी लागतं काय? कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, मल्टिमीटर आणि शक्य असेल तर साधा स्कॅनर. मोठ्या मशीनची गरज नाही.

गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न विचारायचा : त्रास नक्की कधी होतो? "गाडी बरोबर चालत नाही" हे उत्तर चालणार नाही. उभ्या गाडीत आयडलिंगला थरथरते पण रेस दिली की सुधारते, तर बहुतेक कुठूनतरी जादा हवा ओढतेय. आयडलिंगला ठीक आणि चढावर मरते, तर पेट्रोलचं प्रेशर, तुंबलेला सायलेन्सर किंवा टायमिंग. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर इंजिन बिचारं निर्दोष आहे, क्लच घसरतोय. आणि गाडी न्यूट्रलला हाताने ढकलून बघा हो! ब्रेक धरलेला असला तरी माणसं इंजिनला शिव्या देतात.

दुसरा प्रश्न स्वतःला किंवा आपल्या मिस्त्रीला : जुन्या इंजिनवरचं काय काय काढून नव्यावर बसवलं? मॅनिफोल्ड, सेन्सर, इंजेक्टर, प्लगच्या वायरी, सगळं कागदावर लिहा. काल चालणारं इंजिन आज चालत नाही, म्हणजे खोट बहुतेक वेळा हात लागलेल्या जागीच असते. व्हॅक्यूमचा एखादा पाइप उघडा राहतो, ब्रेक बूस्टरचा पाइप सैल असतो, मॅनिफोल्डचं जुनंच गॅस्केट परत बसवलेलं असतं, दोन प्लगच्या वायरी अदलाबदल होतात.

आमच्याकडे आलेली एक केस सांगतो. साताऱ्याकडे दूध पोचवणाऱ्या एका काकांची ओम्नी. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सीटखाली. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये 22,000 रुपयांचं जुनं इंजिन बसवलेलं. खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना आणि सिग्नलला उभी असली की थरथरायची. त्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "इंजिनच खराब निघालं, दुसरं बघा." काकांची रोजची लाइन बंद. भाड्याच्या गाडीत दूध टाकत होते, म्हणजे कमाई तिकडेच जात होती.

आम्ही सगळे प्लग काढले, इग्निशन आणि इंजेक्टर बंद केले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि स्टार्टर मारून कॉम्प्रेशन घेतलं. तिन्ही सिलिंडर नऊ-साडेनऊ किलोच्या आसपास. इथे थांबून विचार करा. एकच सिलिंडर पडला असता तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केटचा संशय. अशा वेळी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चांगला चढला तर रिंग गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पण तिन्ही एकसारखे कमी? इंजिन झिजलेलं असू शकतं, आणि टायमिंग बेल्ट दाता चुकवून बसलेला असू शकतो. ऑइल टाकूनही आकडा फारसा हलला नाही, म्हणजे रिंग सुटल्या. मग व्हॅक्यूम गेज लावला. काटा 13 इंचावर स्थिर. चांगलं इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर 17 ते 22 इंच दाखवतं. उंचीवर हा आकडा कमी होतो, साधारण 300 मीटरला एक इंच. म्हणजे आपल्या घाटमाथ्यावर दोनेक इंच सोडले तरी 13 कमीच. काटा थरथरत नाही, नुसता खाली आहे, म्हणजे व्हॉल्व्ह टायमिंग उशिरा किंवा हवेची गळती. गळती शोधून झाली, नव्हती. कव्हर उघडलं, खुणा जुळवल्या. कॅमची पुली एक दात मागे.

एवढ्यावर गाडी सोडली असती तर परत आली असती. स्टार्टर मारताना मल्टिमीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर 0.9 व्होल्ट. हा आकडा 0.2 च्या आसपास किंवा खाली हवा. इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी बसवलीच नव्हती! ती नसली की करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल गरम होते, सेन्सरचे आकडे भरकटतात आणि गाडी झटके मारते. इंजिन चढवताना ही पट्टी विसरणं फार कॉमन आहे.

बेल्ट नवीन टाकून बरोबर खुणेवर बसवला, पट्टी लावली. कॉम्प्रेशन तिन्हीकडे 12 च्या जवळ. इंजिन तेच. काकांचं दुसऱ्या इंजिनचं बजेट वाचलं. आम्ही तपासणीचे वेगळे आणि कामाचे वेगळे पैसे घेतले, त्यांनी घासाघीस न करता दिले, कारण दोन्ही वेळचे आकडे कागदावर समोर होते.

स्कॅनर लागत असेल तर नुसता कोड वाचून पार्ट बदलू नका. फ्युएल ट्रिम बघा. आयडलिंगला खूप प्लसमध्ये आणि रेसवर कमी होत असेल तर हवेची गळती. लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप आणि फिल्टर बघा. पी0016 आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ नाही, आधी टायमिंगच्या खुणा. आणि गळती शोधायला गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारताना जपून, तो पेट घेतो.

आता धंद्याची बाजू. जुनं इंजिन घेताना शक्य असेल तर विक्रेत्याकडेच कॉम्प्रेशन मोजा आणि आकडे बिलावर लिहून घ्या. इंजिन खाली आहे तोवरच टायमिंग बेल्ट, क्रँकचं ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलायचं एस्टिमेट गिऱ्हाईकाला द्या. तो नाही म्हणाला तर ते जॉबकार्डवर लिहून सही घ्या. इंजिनची गॅरंटी विक्रेत्याची, बसवण्याची तुमची, हे दोन ओळीत वेगळं लिहा.

अजून एक, इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. आरसीवर जुनाच नंबर राहिला तर पासिंगला आणि इन्शुरन्सच्या क्लेमला गिऱ्हाईक अडकतं आणि शिव्या तुम्हाला पडतात. म्हणून काम घ्यायच्या आधीच आरटीओच्या मंजुरीचं त्याला सांगा, आणि इंजिनच्या खरेदीचं पक्कं बिल त्याच्या फाइलला लावा.

व्हॅक्यूम गेजचा काटा कसा वाचायचा ते पुढच्या व्हिडिओत गाडीवर दाखवतो. तोवर आपल्याच चालू गाडीचं कॉम्प्रेशन मोजून आकडे कमेंटमध्ये टाका.