कोर्टाचे समन्स आले तर? घरमालक-भाडेकरू दाव्याची ओळख



पेणला गणपतीच्या कारखान्यांत आणि रोह्याला धाटाव एमआयडीसीत काम करणारी अनेक कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. एकदा एका विद्यार्थ्याची आई कोर्टाचा कागद घेऊन आली. म्हणाली, "बाई, हा मी घेतलाच नसता तर बरं झालं असतं ना?" हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून आजचा पाठ.

समन्स म्हणजे घर खाली करायचा हुकूम नव्हे. "तुमच्यावर दावा झालाय, तुमची बाजू सांगायला या," असं ते बोलावणं आहे. समन्स नाकारले म्हणून दावा थांबत नाही. उलट एकतर्फी निकाल लागू शकतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. आपल्या तालुक्यांत ते दिवाणी न्यायालयात चालतात.

दाव्याचे टप्पे :

१. नोटीस – भाडे थकले तर मालकाने आधी लेखी मागणी करायची. त्यानंतर ९० दिवस गेल्याशिवाय त्या कारणाने दावा लावता येत नाही.

२. दावा आणि समन्स.

३. कैफियत – भाडेकरूचे लेखी उत्तर. मुदत ३० दिवस. कोर्टाने वाढवली तर ९० पर्यंत.

४. मुद्दे – वाद नेमका कशाचा, हे न्यायाधीश ठरवतात.

५. पुरावा – आधी शपथपत्र, मग उलटतपास. इथे पावत्या आणि करार कामी येतात.

६. युक्तिवाद आणि निकाल. अपील ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. दावा थकबाकीचा असेल, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेले भाडे, त्यावर वार्षिक १५ टक्के सरळव्याज आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च भरायचा. पुढचे भाडेही वेळेवर देत राहायचे. मग त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. बारा हजार रुपये वर्षभर थकले तर व्याज होते १,८०० रुपये. कागद टाळणारा ही संधीच घालवतो.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल तर वाट वेगळी. मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी घ्यावी लागते. म्हणून हातातला करार कोणता, ते आधी पाहा.

घरमालक पालकांनीही लक्षात ठेवावे : करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूला बाहेर काढायला पाणी किंवा वीज तोडता येत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत मदत मिळते.

त्या आईसोबत आम्ही वर्गातल्या कॅलेंडरवर दिवस मोजले. अजून ५२ दिवस हातात होते.