लिंबू पोरांच्या हातात द्या

विज्ञान शिकवता शिकवता बुवाबाजीविरुद्धच्या कामात पडलो. गावोगाव फिरून जे पक्कं झालं, ते असं:

१. लिंबू पोरांच्या हातात द्या. मांत्रिक लिंबू कापतो, लाल रस टपकतो आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. सुरीला आधीच मिथिल ऑरेंज चोळलेलं असतं, लिंबातल्या आम्लाने ते लाल होतं. हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. मागच्या रांगेतल्या मुलीने तीच सुरी हातात घेऊन लिंबू कापलं आणि दुसरं लिंबू घरच्या विळीवर चिरलं, की सभेतूनच विचारणा होते, “मग नारळ कसा पेटतो, सर?” शेंडीत दडवलेल्या सोडियमवर पाणी पडलं की पेटतो. तो प्रयोग मात्र मी मुलांना करू देत नाही, सोडियम उडून डोळा जाऊ शकतो.

२. कसोटी आधी ठरवा. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतात. कुणाची टवाळी झाली नाही, आवाज चढला नाही. मला हीच रीत सर्वांत पटते.

३. देव आहे का, हा प्रश्न खुशाल विचारावा. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुळशीला पाणी घालणाऱ्या म्हातारीने मला त्याचा जाब द्यावा, हा हट्ट मी धरत नाही. जिथे पैसा लुबाडला जातो, बाईला चेटकीण ठरवून मारहाण होते, तिथे गप्प बसत नाही.

४. मंत्राने सापाचं विष उतरतं म्हणणाऱ्याला सापांची नावं विचारा. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, त्यामुळे मांत्रिकाच्या दारातून माणसं चालत घरी येतात आणि त्याचा लौकिक वाढतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांपुढे मंत्र चालत नाही. त्यातही मण्यार. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, म्हणून घरचे “सकाळी बघू” म्हणतात. तोवर पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पविषावरचं औषध, म्हणजे प्रतिविष, सरकारी दवाखान्यात मिळतं.

५. कायदा वाचून ठेवा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ते वर्षानुवर्षं ज्यासाठी झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरमध्ये मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यात गुन्हा आहे. तुमच्या गावात असं घडत असेल, तर आधी रोग्याला दवाखान्यात पोचवा आणि मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या.