घटक ४ : परिसंस्था आणि जीवांचे परस्परसंबंध

४.१ प्रस्तावना

'पर्यावरण' आणि 'परिसंस्था' हे दोन शब्द वृत्तपत्रीय मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांचा अर्थ मात्र एक नाही. एखाद्या जीवाच्या भोवती जे जे असते ते त्याचे पर्यावरण होय. परिसंस्था ही व्यवस्था आहे : तिच्यात जीव आणि पाणी, माती, हवा, प्रकाश हे निर्जीव घटक यांच्यात द्रव्य व ऊर्जा यांची सतत देवघेव चालते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्स्ली यांनी १९३५ मध्ये ही संकल्पना मांडली. तिचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्येच नाव दिले होते. त्याच्या मुळाशी 'घर' या अर्थाचा ग्रीक शब्द 'ओइकोस' आहे. मराठी 'परिसंस्था' या शब्दातील 'संस्था' ऐकून आपल्याला कार्यालय आठवते, पण 'सम् + स्था' म्हणजे एकत्र उभे राहणे. तो मूळ अर्थ येथे ध्यानात ठेवावा.

४.२ तलाव : एक उदाहरण

नागपूरच्या उत्तरेस, कामठी तालुक्यात कोराडी आहे. एकीकडे तलाव व जगदंबेचे मंदिर, दुसरीकडे १९७४ पासून वीज निर्माण करणारे औष्णिक केंद्र. अशा तलावात सूक्ष्म शैवाले व पाणवनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात, ते उत्पादक. त्यांच्यावर प्राणिप्लवक व कीटकांच्या अळ्या जगतात, त्यांच्यावर लहान मासे, लहान माशांवर मरळ, पाणकावळा, खंड्या. मेलेले सारे जीवाणू व कवके कुजवतात आणि पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. या विघटकांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत शेवटच्या ओळीत येतो, हे अन्यायाचे आहे. त्यांच्यावाचून चक्र पूर्णच होत नाही.

याला 'अन्नसाखळी' म्हणण्याची प्रथा आहे. साखळीत एका कडीला दोनच शेजारी असतात. खंड्या मात्र मासा खातो, बेडूक खातो, चतुरही खातो. म्हणून 'अन्नजाल' हा शब्द अधिक नेमका. रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये दाखवल्याप्रमाणे प्रत्येक पातळीवर ऊर्जेचा मोठा भाग खर्च होतो. ढोबळमानाने एकदशांशच पुढे पोहोचतो. तलावात शैवाले अगणित आणि पाणकावळे मोजके का, याचे उत्तर येथे आहे.

एकाच तलावात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगल तळाशी अन्न शोधतो. तिघांचा अधिवास एक, पण कार्यस्थान वेगळे. त्यामुळे त्यांच्यातील स्पर्धा कमी होते. मत्स्यपालक हे तिन्ही मासे एकत्र सोडतात ते याच कारणाने.

४.३ संबंधांचे प्रकार

तुरीच्या मुळांवरील गाठींत जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि मोबदल्यात शर्करा घेतात : हे परस्परोपकारक सहजीवन. चरणाऱ्या म्हशीच्या पायांमुळे उडालेले कीटक गायबगळा टिपतो. म्हशीला त्याचा विशेष लाभ वा तोटा नाही, ही सहभोजिता. कुंपणावरची पिवळी अमरवेल परजीवी आहे. तिचे नाव मात्र फसवे : आधाराचे झाड मेले की तीही वाळते.

४.४ समतोल बिघडतो तेव्हा

जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख साठवण्याच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत व पुढे नदीत शिरले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असल्याने असे साठे प्रचंड असतात. परिसंस्थेच्या दृष्टीने असे पाणी काय करते ते पाहू. तरंगणारे बारीक कण प्रकाश अडवतात, त्यामुळे उत्पादक दुर्बल होतात. ते कण तळाशी बसले की माशांची अंडी व अळ्या गाडल्या जातात. घाव एका जीवावर पडलेला नसतो. पण अखेरीस जाळे रिकामे येते ते ढिवराचे.

पाणी तापल्यानेही असेच होते. २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना सुमारे ७.६. माशांची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते.

पाऱ्याची रीत आणखी निराळी. कोळशात त्याचा अंश असतो. पाण्यात जीवाणू त्याचे मिथिल पारा या संयुगात रूपांतर करतात, आणि ते शरीरातून सहज बाहेर पडत नाही. ऊर्जा पातळीगणिक घटते, तर हे विष पातळीगणिक वाढते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघड झालेल्या आजाराचे मूळ मासे खाणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचलेल्या याच संयुगात होते.

स्वाध्याय : आपल्या गावातील तलाव, बोडी किंवा नाला निवडा. तेथील किमान आठ जीवांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, त्यांचे अन्नजाल रेखाटा आणि त्यांपैकी कोणते जीव आता दिसत नाहीत ते नोंदवा.