कुत्र्यामांजरांचे निवारागृह आणि त्याचे गणित

जखमी कुत्रा किंवा टाकून दिलेले मांजराचे पिल्लू दिसले म्हणजे त्याला उचलून घरी नेणारी माणसे प्रत्येक गावात असतात. अशी पाचदहा माणसे एकत्र आली, कोणी परसातील पत्र्याची शेड दिली, कोणी दूधभाताचा भार उचलला, की निवारागृह सुरू होते. खरी कसोटी पुढे लागते. सहा महिन्यांत वीस प्राण्यांच्या जागेत साठ प्राणी दाटीवाटीने राहू लागतात, पिल्ले एकामागून एक दगावतात, आणि ज्यांनी दयेपोटी काम हाती घेतले तेच थकून पांगतात. याचे कारण बहुधा एकच असते: किती प्राणी सांभाळता येतील याचा हिशेब आरंभी कोणी केलेला नसतो.

प्राण्यांना आश्रय देण्याची परंपरा भारतात जुनी आहे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळीतील आश्रय आमरण असे. आजच्या निवारागृहाचे स्वरूप त्याहून धर्मशाळेच्या अधिक जवळचे आहे. प्राणी येतो, बरा होतो, आणि नव्या घरी किंवा आपल्या गल्लीत जातो.

एका प्राण्याची रोजची स्वच्छता व खाणेपिणे यांना साधारणतः पंधरा मिनिटे लागतात असे निवारागृहांच्या व्यवहारात धरतात. चाळीस प्राणी असतील तर रोजचे दहा तास झाले. एक स्वयंसेवक एका खेपेस दोन तास देत असेल तर दररोज पाच जण हवेत, म्हणजे आठवड्याच्या पस्तीस पाळ्या. आणि प्रत्येकाला आठवड्यातून दोनदाच येणे शक्य असेल तर किमान अठरा नावे पटावर पाहिजेत. यात औषधपाणी, बाजारहाट, कुत्र्यांना फिरविणे धरलेले नाही; कोणाचे आजारपण किंवा कोणाच्या घरचे लग्नही धरलेले नाही.

दुसरा हिशेब दिवसांचा. रोज सरासरी दोन प्राणी येत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम वीस दिवसांचा असेल, तर कोणत्याही दिवशी सुमारे चाळीस प्राणी आत असणार. मुक्काम तीस दिवसांवर गेला की, येणाऱ्यांची संख्या तीच राहूनही, आतील संख्या साठ होते. दत्तक देण्यापूर्वीची घरभेट लांबली, शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्यांची वेळ मिळाली नाही, इतक्या किरकोळ कारणांनी हे दहा दिवस वाढतात. म्हणून नवे पिंजरे बांधण्याआधी कोणता प्राणी कशासाठी अडकून पडला आहे हे नोंदवहीत पाहणे स्वस्त पडते.

दाटीचा खरा धोका रोगाचा आहे. कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. रक्तमिश्रित हगवण व वांत्या यांनी पिल्लू दोनतीन दिवसांतही दगावू शकते. याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साबणाने मरत नाही. ब्लीचिंग पावडरचे द्रावण त्याला मारते. परंतु विष्ठा व घाण आधी धुऊन काढली नसेल तर द्रावण घाणीवरच खर्च होते. मातीची जमीन निर्जंतुक करता येत नाही, म्हणून नव्या प्राण्यांच्या खोलीला गुळगुळीत फरशी असावी. तेथे प्रत्येकाला सुमारे चौदा दिवस वेगळे ठेवावे आणि लस मात्र आल्या दिवशीच द्यावी, कारण रोग दबा धरून असला तरी तो दाराशी दिसत नाही. झाडलोट नेहमी निरोगी पिल्लांपासून सुरू करून आजाऱ्यांच्या खोलीत संपवावी. हा क्रम उलटला तर झाडणाऱ्याच्या चपलाच रोग वाहून नेतात.

मांजरांची खोली कुत्र्यांच्या भुंकण्यापासून दूर असावी. भेदरलेले मांजर अन्न सोडते, आणि त्याच्या अंगी सुप्त असलेली सर्दी पुन्हा उफाळते. दडून बसायला एक साधे पुठ्ठ्याचे खोके दिले तरी मोठा फरक पडतो. घरोघरी वापरले जाणारे काळे फिनेल मात्र तेथे वापरू नये. मांजरांना ते विषारी आहे.

प्राणी हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच टोचून घेतली पाहिजे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग आधी लस घेतलेली असो वा नसो. शाळकरी मुलांना नवख्या प्राण्यांजवळ जाऊ देऊ नये. जुन्या चादरी गोळा करणे, नोंदी लिहिणे, दत्तकासाठी चित्रफलक रंगविणे ही कामे त्यांच्याजोगी आहेत.

स्वयंसेवकांत महाविद्यालयीन विद्यार्थी पुष्कळ असतात, आणि येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. जयपूरमधील नोंदींनुसार भटक्या कुत्र्यांच्या माद्या मुख्यतः पावसाळा सरताना गाभण राहतात व सुमारे नऊ आठवड्यांनी, हिवाळ्यात, वितात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पिल्ले आईपासून सुटतात आणि पार्व्होला सहज बळी पडतात. नेमक्या त्याच वेळी परीक्षा येतात व पाळ्या ओस पडतात. ज्याला हे ठाऊक आहे तो चालक दिवाळीनंतर लगेच गृहिणी व सेवानिवृत्त मंडळींची नावे पटावर चढवू लागतो.

निवाऱ्यात येणारा ओघच कमी करण्याचा मार्ग निर्बीजीकरणाचा. मद्रासच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने तो १९६४ साली हाती घेतला. २००१ च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या केंद्रीय नियमांनी शस्त्रक्रिया व लस झालेले कुत्रे मूळ जागी सोडण्याची पद्धत ठरवून दिली. रिकाम्या गल्लीत नवी, निर्बीज न केलेली कुत्री शिरतात हे तिच्यामागील कारण होय. जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले. तेथील भटक्या कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांना रेबीज होण्याचे प्रमाण शून्यावर आले.

तथापि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्री त्याच जागी परत सोडू नयेत असा आदेश दिला. अशा कुत्र्याचा मुक्काम वर्षांत मोजावा लागतो. चाळीसांपैकी दहा जागा त्यांना दिल्या तर उरलेल्या तिसांवर वीस दिवसांचा हिशेब चालतो, आणि दाराशी रोज दोनांऐवजी सरासरी दीडच प्राणी घेता येतो. राहिलेल्यांसाठी जागच्या जागी मलमपट्टी, पिल्ले काही आठवडे सांभाळणारी घरे आणि नोंदवहीतील प्रतीक्षायादी ही व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.