कुर्ली मोजायची कशी, आणि कशासाठी?



"मासळी कमी झाली" हे आपल्या जेटीवर रोज ऐकायला मिळतं. पण कोणी विचारलं, किती कमी, कधीपासून, कुठल्या खाडीत, तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. म्हणून आज आम्ही एका लांबच्या किनाऱ्याची माहिती देतोय. तिथल्या दर्यावर्दी समाजाने हेच प्रश्न आपल्या पोरांच्या हातात दिलेत.

कॅनडाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे. तिथे बेला बेला हे हाइल्टसुक या मूळनिवासी समाजाचं बेटावरचं गाव. बाहेरून गावात यायचं तर बोट नाहीतर विमान. सॅमन, हेरिंग, कुर्ल्या, तिसऱ्या यांवर हा समाज हजारो वर्षं जगला. त्यांचे 'गार्डियन', म्हणजे राखणदार, बोटी घेऊन आपल्या पाण्यात गस्त घालतात. (आपल्याकडे राखणदार म्हटलं की वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं. ही मात्र पगारी माणसं!) २००९ च्या आसपासपासून या किनाऱ्यावरच्या गावांत हायस्कूलची मुलंमुली सुट्टीत या राखणदारांच्या आणि शास्त्रज्ञांच्या हाताखाली उमेदवारी करतात. आणि त्याचे पैसे मिळतात. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण फुकटच्या शिबिराला पोर एकदा जाईल, दुसऱ्यांदा नाही.

कामं कसली? नदीत चढणारे सॅमन मोजायचे. काटेरी तारेला अडकलेले अस्वलांचे केस गोळा करायचे, त्यांच्या डीएनएवरून कुठलं अस्वल येऊन गेलं ते कळतं. म्हाताऱ्यांकडून जागांची जुनी नावं शिकायची. २०१३ मध्ये तिथल्या क्वाय नदीत जुन्या पद्धतीचा लाकडी बांध पुन्हा घातला गेला. त्यात मासा अडवायचा, मोजायचा, खूण लावायची आणि वर सोडून द्यायचा.

पण आपल्याला जवळची गोष्ट कुर्ल्यांची. हाइल्टसुक आणि शेजारचे तीन समाज बरीच वर्षं सांगत होते की घरच्या कालवणापुरत्याही कुर्ल्या मिळत नाहीत. सरकारकडे त्या खाड्यांचे नेमके आकडे नव्हते. मग या समाजांनी आपल्याच कायद्याने काही जागा व्यापारी आणि हौशी पकडीला बंद केल्या. केंद्र सरकारचा कायदा पाठीशी नव्हता, सगळं लोकांच्या ऐकण्यावर होतं. बंद आणि चालू अशा दोन्ही जागी पिंजरे टाकून त्यांनी मोजणी केली. बंद जागी मोठ्या नरांची संख्या आणि आकार वाढत गेला, चालू जागी घटला. २०१६ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. तोपर्यंत जी 'तक्रार' होती, तिला आता पुरावा म्हणावं लागलं.

ही मोजणी अवघड नाही. कुर्ली उलटी करा. पोटाखालची पट्टी अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. आपल्या खाडीतल्या कुर्लीलाही हेच लागू. त्यांच्याकडे मादी सोडूनच द्यावी लागते. नराचं कवच रुंदीला काट्यापासून काट्यापर्यंत १६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच भरलं तरच ठेवायचं. कवच दाबून बघायचं. मऊ असेल तर नुकतीच कात टाकलेली, आत मांस कमी, तशी नोंद करायची. आणि नुसतं 'आज चाळीस मिळाल्या' हे उपयोगाचं नाही. किती पिंजरे, किती तास पाण्यात, हे नसेल तर दोन दिवसांची तुलनाच होत नाही.

अशा वह्यांची किंमत संकटात कळते. १३ ऑक्टोबर २०१६ ला मध्यरात्र उलटल्यावर नेथन ई. स्टुअर्ट ही टग बोट बेला बेलाजवळ खडकावर चढून बुडाली. सुमारे १ लाख १० हजार लिटर डिझेल पाण्यात गेलं, तिसऱ्यांची जागा बंद झाली, हिवाळ्याची कमाई गेली. समाज भरपाईसाठी कोर्टात गेला. अशा वेळी पहिला प्रश्न येतो: आधी तिथे होतं काय?

आपल्याकडे असं काहीच नाही असं नव्हे. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत कासवांची घरटी गावातलीच माणसं राखतात. खाडीतल्या कुर्ल्यांसाठी मात्र तेवढी राखण दिसत नाही.

पिंजरे लावणाऱ्या घरातलं दहावी-बारावीचं पोर हे सहज करू शकेल. साधी शंभर पानी वही, एक पट्टी. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, जागा (आजोबा म्हणतात तेच नाव लिहा), पिंजरे किती, तास किती, नर, मादी, अंडीवाली, प्रत्येकीची रुंदी. पोटाला अंडी असलेली दिसली की नोंद करून लगेच पाण्यात. रिकामा आलेला पिंजराही लिहायचा, नाहीतर सरासरी उगाच फुगते.