फ्रेंचमधील स्वामित्वदर्शक विशेषणे आणि मराठी षष्ठी : एक तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

महाराष्ट्रात फ्रेंच शिकणारा विद्यार्थी ही भाषा बहुधा इंग्रजीच्या द्वारे शिकतो. फ्रेंच कथा-कादंबऱ्यांचे मराठी अनुवादही पुष्कळदा इंग्रजी अनुवादांवर आधारलेले असतात. या मध्यस्थीचा विचार सामान्यतः शैली, संस्कृती, वाङ्मयीन संकेत अशा मोठ्या अंगांनी केला जातो. प्रस्तुत निबंधात तो एका अगदी लहान व्याकरणिक घटकाच्या आधारे करावयाचा आहे. 'माझा', 'तुझा', 'त्याचा' असा अर्थ दाखविणाऱ्या फ्रेंच शब्दांना तेथील परंपरागत व्याकरणात स्वामित्वदर्शक विशेषणे म्हणतात. अलीकडील व्याकरणकार त्यांना निर्धारकांच्या वर्गात घालतात. ही विशेषणे मराठीला कोठे जवळची आहेत, कोठे दूर जातात आणि अनुवादकाला त्यामुळे कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे पाहणे हा या लेखनाचा हेतू आहे. फ्रेंच शब्द जवळपासच्या उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

२. रूपविचार

स्वामी एकवचनी असता फ्रेंचमध्ये पुढील रूपे होतात. प्रत्येक ओळीत पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी असा क्रम आहे.

मों – मा – मे : माझा, माझी, माझे इत्यादी
तों – ता – ते : तुझा, तुझी, तुझे इत्यादी
सों – सा – से : त्याचा/तिचा, त्याची/तिची इत्यादी

स्वामी अनेकवचनी असल्यास एकवचनात लिंगभेद राहत नाही. नोत्र – नो (आमचा/आपला), वोत्र – वो (तुमचा) आणि लर (त्यांचा) अशी ती रूपे आहेत. 'लर'चे अनेकवचन लिहिताना शेवटी एक अक्षर वाढते. ते एरवी उच्चारात येत नाही, पुढे स्वर आल्यास मात्र 'झ'सारखे ऐकू येते.

या मांडणीतील मूळ तत्त्व मराठी भाषकाला नव्याने शिकावे लागत नाही. 'पेर' (वडील) पुल्लिंगी म्हणून 'मों पेर' आणि 'मेर' (आई) स्त्रीलिंगी म्हणून 'मा मेर'. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, त्याने फरक पडत नाही. 'माझा भाऊ', 'माझी बहीण' म्हणताना आपण हेच करतो. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र हे तत्त्व विपरीत वाटते, कारण त्या भाषेत स्वामित्वदर्शक शब्द पुढील नामाकडे पाहत नाही. म्हणून 'सों' म्हणजे 'त्याचा' आणि 'सा' म्हणजे 'तिची' असे चुकीचे समीकरण त्याच्या मनात तयार होते. मराठी विद्यार्थी हीच चूक करतो, तेव्हा ती त्याच्या मातृभाषेमुळे होत नाही. मातृभाषा बाजूला ठेवून शिकविल्यामुळे होते.

३. लिंग कोणाचे?

तृतीय पुरुषी एकवचनात तिन्ही भाषांची तुलना विशेष उद्बोधक ठरते. इंग्रजी स्वामीचे लिंग दाखविते, स्वाचे दाखवीत नाही. फ्रेंच स्वाचे लिंग दाखविते, स्वामीचे दाखवीत नाही. मराठी दोन्ही दाखविते. 'तिचा' या शब्दातील 'ति-' हा अंश स्वामी स्त्री असल्याचे सांगतो, तर '-चा' हा अंश स्व पुल्लिंगी असल्याचे सांगतो. मराठीच्या या दुहेरी सुसंवादामुळे अनुवादकाची जबाबदारी वाढते. 'सा मेर' या फ्रेंच शब्दांसाठी 'त्याची आई' आणि 'तिची आई' असे दोन पर्याय संभवतात. आई कोणाची, हे फ्रेंच लेखकाने काही काळ मोघम ठेवले असेल, तर मराठी अनुवादकाला ते मोघम ठेवणे कठीण जाते. स्पष्टीकरण हवे असेल तेव्हा फ्रेंच माणूस नामानंतर 'आ लुई' (त्याचे) किंवा 'आ एल' (तिचे) असे शब्द जोडतो. म्हणजे जी गोष्ट मराठीत अटळ आहे, ती तेथे ऐच्छिक आहे.

याचे टोकाचे उदाहरण 'आमी' या शब्दाचे. त्याचा अर्थ मित्र किंवा मैत्रीण. दोहोंच्या लेखनात एका अक्षराचा फरक आहे, उच्चारात मुळीच नाही. त्यातच, पुढे कळेल त्या ध्वनिनियमामुळे, दोन्ही वेळा विशेषण 'सों' हेच येते आणि उच्चार 'सोंनामी' असा होतो. केवळ कानांनी ऐकणाऱ्यास 'त्याचा मित्र', 'तिचा मित्र', 'त्याची मैत्रीण' आणि 'तिची मैत्रीण' असे चारही अर्थ शक्य वाटतात. नाटकाच्या अनुवादात या संदिग्धतेवर एखादा प्रसंग उभा असेल, तर मराठीत तो नव्याने रचावा लागेल.

४. ध्वनी आणि लिंग यांचा संघर्ष

स्त्रीलिंगी नामाच्या आरंभी स्वर असल्यास फ्रेंच भाषा 'मा, ता, सा' ही रूपे टाळून 'मों, तों, सों' योजते. 'एकोल' (शाळा) हे नाम स्त्रीलिंगी आहे, तरी 'मा एकोल' न होता 'मोंनेकोल' होते. मराठी विद्यार्थी येथे अडखळतो. शाळा त्याच्याही भाषेत स्त्रीलिंगी असल्याने 'मा' हे रूप त्याला तर्कशुद्ध वाटते, आणि लिंगाच्या दृष्टीने ते तसे आहेही. परंतु येथे लिंगावर श्रुतिसौकर्याने मात केली आहे. नामाचे लिंग मात्र बदललेले नाही. मध्ये व्यंजनादी विशेषण येताच 'मा नुवेल एकोल' (माझी नवी शाळा) असे मूळ रूप परतते. याउलट 'मा मेझों' (माझे घर) यात स्वरादी विशेषण आल्यास 'मोंनांस्येन मेझों' (माझे जुने घर) असे होते. निर्णय लगतच्या ध्वनीवर अवलंबून आहे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात यावे. लेखनात 'ह' असलेल्या काही शब्दांपूर्वी 'ह'चा उच्चार नसूनही 'मा' कायम राहते. 'मा ओंत' (माझी लाज) हे त्याचे उदाहरण.

प्राचीन फ्रेंचमध्ये ही अडचण निराळ्या रीतीने सोडविलेली होती. तेव्हा 'मा'मधील स्वराचा लोप होऊन 'मा + आमी' यांचे 'मामी' होत असे. पुढे 'मों' रूढ झाले. परंतु जुने रूप लोकांच्या जिभेवर राहिले आणि त्याची फोड चुकीची होऊन 'मा मी' असा शब्दप्रयोग 'माझी प्रिया' या अर्थाने भाषेत उरला. ज्या सुट्या 'मी'ला स्वतंत्र अस्तित्व नव्हते, ते असे संधीच्या विस्मृतीतून जन्मले. 'मस्यो' आणि 'मादाम' या संबोधनांतही 'माझा' आणि 'माझी' दडलेले आहेत. त्यांची अनेकवचने 'मेस्यो' आणि 'मेदाम' अशी होतात, म्हणजे शब्दाच्या पोटातील विशेषण आजही विकार पावते.

५. षष्ठी की विशेषण?

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) आणि मोरो केशव दामले (१९११) यांच्या व्याकरणांनी घडविलेल्या परंपरेत 'चा-ची-चे' यांचा विचार षष्ठीच्या अनुषंगाने होतो. संस्कृतातील 'रामस्य' हे रूप पुढील नामाच्या लिंगवचनाने बदलत नाही. मराठीतील 'रामाचा' मात्र विकारी विशेषणासारखा वागतो. त्यामुळे षष्ठीला विभक्ती का म्हणावे, हा प्रश्न मराठी व्याकरणात उपस्थित झाला. फ्रेंच उदाहरण येथे उपकारक ठरते. 'मों, मा, मे' यांना विशेषण म्हणताना फ्रेंच परंपरेला संकोच वाटला नाही, कारण तेथील नामांना विभक्तिरूपेच उरलेली नव्हती. 'लर'चे मूळ मात्र लॅटिन सर्वनामाच्या षष्ठी अनेकवचनात आहे, आणि त्यामुळेच त्यात लिंगभेद नाही. एकाच कुटुंबात विशेषणातून आलेली आणि षष्ठीतून आलेली रूपे शेजारी नांदतात, ही गोष्ट आपल्या वादाकडे पाहताना विसरू नये.

एक भेदही नोंदविला पाहिजे. मराठीत 'माझे पुस्तक' आणि 'हे पुस्तक माझे' या दोन्ही स्थानी एकच रूप चालते. फ्रेंच विशेषण नामापूर्वीच येते. विधेयस्थानी 'आ म्वा' किंवा 'ल म्यें' अशी वेगळी रचना करावी लागते.

६. 'आपला' या शब्दाची त्रिविधता

लॅटिनमध्ये कर्त्याचे स्वतःचे आणि इतराचे यांसाठी भिन्न शब्द होते. त्यांपैकी स्ववाचक शब्दापासून फ्रेंच 'सों' आला. परंतु भेद लोपला. मराठीने तो 'आत्मन्'पासून आलेल्या 'आपला'च्या द्वारे राखला आहे. 'राम आपल्या भावाला भेटला' आणि 'राम त्याच्या भावाला भेटला' यांत भाऊ एकच असेल असे नाही. फ्रेंच दोन्ही ठिकाणी 'सों फ्रेर' म्हणेल.

शिवाय 'आपला' हा शब्द ऐकणाऱ्यास सामावून घेणाऱ्या प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी आणि आदरार्थी द्वितीय पुरुषासाठीही येतो. म्हणजे 'सों', 'नोत्र' आणि 'वोत्र' या तिन्ही फ्रेंच शब्दांचे भाषांतर प्रसंगानुसार 'आपला' असे होऊ शकते. याउलट 'नोत्र'साठी 'आमचा' आणि 'आपला' यांतून निवड करावी लागते. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत फ्रेंच भक्त 'नोत्र पेर' म्हणतो. मराठी प्रार्थनेत 'आमच्या' हेच रूप यावे लागते, कारण 'आपल्या' म्हटल्यास ज्याला आळवायचे तो देवही लेकरांत गणला जाईल. एखाद्या फ्रेंच कादंबरीतील वसाहतवादी अधिकारी स्थानिक रहिवाशासमोर 'नोत्र' म्हणून देशाचा उल्लेख करतो, तेव्हा तो समोरच्याला आत घेतो आहे की बाहेर ठेवतो आहे? मूळ भाषा गप्प राहू शकते. मराठी अनुवादकाला मात्र बाजू घ्यावी लागते.

७. जेथे विशेषण नको

स्वतःच्या शरीरावयवांविषयी बोलताना फ्रेंच भाषा सामान्यतः स्वामित्वदर्शक विशेषण योजत नाही. 'इल फेर्म लेझ्यो' म्हणजे 'तो डोळे मिटतो'. मराठीचेही वळण नेमके हेच आहे. इंग्रजीत मात्र 'त्याचे' हा शब्द आवश्यक ठरतो, आणि इंग्रजीवरून अनुवाद करणारा पुष्कळदा 'त्याने त्याचे डोळे मिटले' असे लिहितो. हे वाक्य केवळ कृत्रिम नाही. मराठी वाचक 'त्याचे' याचा अर्थ दुसऱ्या कोणाचे असा घेऊ शकतो. मूळ कादंबरीत थकून डोळे मिटणारा माणूस मराठीत शेजारच्या मृताचे डोळे मिटविणारा ठरू शकतो. येथे फ्रेंच आणि मराठी या दोन टोकांत मेळ असून बिघाड मधल्या पायरीवर झालेला आहे.

मात्र हे साम्य ताणू नये. 'माझे डोके दुखते' असे मराठीत आपण म्हणतो. फ्रेंचमध्ये तेथेही विशेषण नसते. तसेच 'तिने त्याचे केस कापले' येथे मराठी षष्ठी वापरते, फ्रेंच चतुर्थीच्या अर्थाचे सर्वनाम. कर्ता आणि अवयवाचा धनी एकच असतो, तेथेच दोन्ही भाषा जुळतात.

८. आदर आणि आप्तसंबंध

'मों पेर'चे 'माझा बाप' की 'माझे वडील', हे फ्रेंच व्याकरण सांगत नाही. 'मों मारी' म्हणजे 'माझा नवरा'. परंतु जुन्या वळणाच्या घरातील स्त्री 'आमचे हे' म्हणेल, आणि त्या 'आमचे'मध्ये अनेक माणसे नसतात, संकोच असतो. आदरणीय व्यक्तीविषयी 'सों'चे भाषांतर 'त्यांचा' असे होते आणि ते 'लर'शी एकरूप होते. लक्षणीय असे की 'त्यांचा' यात स्वामीचे लिंग कळत नाही. तिसऱ्या परिच्छेदात जी संदिग्धता राखणे कठीण म्हटले, ती आदरार्थी बहुवचनाच्या आडोशाने काही वेळा राखता येते.

९. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अध्यापनाच्या दृष्टीने, 'माझा-माझी-माझे'च्या पायावर 'मों-मा-मे' शिकविणे सयुक्तिक आहे. ध्वनिनियम आणि विधेयस्थान एवढेच विशेष समजावून द्यावे लागेल. अनुवादाच्या दृष्टीने, 'त्याचा' की 'तिचा', 'आमचा' की 'आपला', 'त्याचे' की काहीच नाही, हे निर्णय फ्रेंच मूळ समोर असल्याशिवाय जबाबदारीने घेता येत नाहीत. इंग्रजी प्रत यांपैकी पहिला प्रश्न अनुवादकाच्या आधीच सोडवून टाकते, दुसऱ्याविषयी मौन पाळते आणि तिसऱ्याचे उत्तर मराठीच्या स्वभावाविरुद्ध देते. एवढ्याशा शब्दात इतके अडकलेले असेल, तर मूळ भाषेवरून अनुवाद करण्याचा आग्रह हा केवळ विद्वत्तेचा सोस ठरत नाही. त्यात फ्रेंच लेखकाला न्याय मिळतो, तसा मराठी वाक्यालाही मिळतो.